तेल-तूप पूर्ण बंद केलं तर हृदयविकाराचा धोका किती कमी होतो?

तुम्ही लिहिलंय : वय ४३, वजन ९२ किलो, दिवसभर बसून काम, वडिलांची बायपास झालेली. बायकोला सांगून घरातलं तेल-तूप पूर्ण बंद करायचं ठरवलंय, तर धोका किती टक्के कमी होईल? ते "बायकोला सांगून" वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून मी लिहायला बसले.

हा प्रयोग आमच्या घरात नऊ महिने झालाय. मीच केला, सोलापुरात, २०१७ साली.

एप्रिल महिना, पहाटेचे पाच. ह्यांना दरदरून घाम सुटला, छातीत भरून आलं. आदल्या रात्री लग्नात जेवण झालं होतं, म्हणून पित्त समजून मी थंड दूध दिलं. त्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला अजून झोपेतून उठवतो. मग कार्डिओग्राम, लगेच अँजिओग्राफी, एक स्टेंट. तेव्हा ह्यांचं वय ५४, उंची पाच फूट सहा इंच, वजन ९१, कंबर १०८ सेंटिमीटर.

मोठ्या नणंदबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, दुपारी पुण्याहून आल्या. सीसीयूबाहेरच्या बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि दहा नातेवाइकांसमोर मला म्हणाल्या, "तुझ्या हातचं तेल माझ्या भावाच्या रक्तात उतरलं. उठता-बसता शेंगाची चटणी, आमटीवर बोटभर तर्री. आमच्या आईच्या हातचं खाऊन कुणाला काही झालं नाही." मी मान खाली घातली. नवरा आत नळ्या लावून पडलेला असताना कोण वाद घालणार? आणि खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. तेल मीच ओतत होते ना.

घरी आल्यावर मी उखळ माळ्यावर चढवलं. आमच्याकडे शेंगाची चटणी उखळात कुटतात, तेल सुटेपर्यंत. ते तेल सुटणंच मला विषासारखं दिसायला लागलं. शेंगा बंद म्हणजे कूटही बंद. जवस, कारळं, तीळ, सगळ्याच चटण्या गेल्या. फोडणी गेली, भाज्या नुसत्या उकडून. आता चटणी नाही, भाजीला चव नाही, तर ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेना. कुणीतरी म्हणालं भाकरी जडच असते, पेशंटला मऊ भात द्या. दिला. तिन्ही वेळा. बरोबर मुगाचं पातळ वरण. सोमवारी बिनतुपाचा साबुदाणा. भेटायला येणारे खारी-टोस्ट आणायचे, मोसंबीचा रस आणायचे. पेशंटला हेच नेतात, तेव्हा ते चांगलंच असणार असं मी धरून चालले. पोट भरायचं नाही म्हणून हे चार वाजता बिस्किटं खायचे. "पचायला हलकी असतात," असं मीच म्हणायचे.

नऊ महिन्यांत मी एक थेंब तेल घातलं नाही. आक्कांचा दर रविवारी फोन यायचा, मी सगळं सांगायची, त्या "शाब्बास" म्हणायच्या.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा संपता संपता, रक्ताचे रिपोर्ट आले. वजन ९३, म्हणजे दोन किलो जास्त. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २२८ चे ३४१. चांगलं कोलेस्ट्रॉल, एचडीएल, ३३ वरून ३०. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, ५.९ टक्क्यांची ६.६, म्हणजे हे मधुमेहाच्या हद्दीत गेले. वाईट कोलेस्ट्रॉल तेवढं ६८ वर आलं होतं, पण ते गोळीमुळे. मी दवाखान्यातच रडायला लागले.

तिथे एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मला काहीच विचारलं नाही, ह्यांना वही दिली. "आठ दिवस तोंडात जाणारं सगळं लिहायचं. तुम्ही स्वतः लिहायचं, बायकोनं नाही."

वहीत निघालं ते असं. ह्यांच्या नोकरीच्या पतसंस्थेत दिवसाला सात चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चौदा चमचे म्हणजे सत्तर ग्रॅम. वरून टाकलेली आणि रसातली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या ५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बिस्किटं दिवसाला दहा-अकरा. खारी चार. भात तीनदा, ताट भरून. मोसंबीचा रस गाळून, म्हणजे चोथा माझ्या कचऱ्याच्या डब्यात. तेलाच्या रकान्यात आठही दिवस शून्य.

डॉक्टर बाईंनी मला समजावलं तेच तुम्हाला सांगते. पोटाचा घेर वाढलेला असला की इन्सुलिन नीट काम करत नाही. अशा शरीरात साखर, मैदा, पांढरा भात जास्त पडला की यकृत त्याची चरबी बनवतं आणि रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड म्हणजे तीच. तेल न खाता रक्तात चरबी वाढते, ती अशी. आणि खारी वनस्पती तुपातली. तेल बंद केलं म्हणणाऱ्या घरात सगळ्यात घातक चरबी पाहुण्यांच्या पिशवीतून येत होती. आपल्याकडे त्या चरबीची, ट्रान्स फॅटची, मर्यादा २ टक्क्यांवर आली ती जानेवारी २०२२ पासून. आमच्या त्या नऊ महिन्यांत नियम ढिले होते.

मग मी वाचायला लागले. मुलगी फार्मसी शिकलेली, तिनं इंग्रजीतलं समजावलं. अमेरिकेत ४८,८३५ बायकांवर मोठा प्रयोग झाला, निकाल २००६ मध्ये आला. त्यातल्या साधारण चाळीस टक्के बायकांना स्निग्ध पदार्थ कमी करून भाज्या, फळं, धान्य वाढवायला सांगितलं होतं. सरासरी आठ वर्षं पाहिलं. हृदयविकारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तुमचा "किती टक्के" हा प्रश्न मला इथेच संपलेला वाटतो : भाज्या-फळं वाढवूनही फरक पडला नाही, मग नुसतं तेल-तूप काढून जागा भात-बिस्किटांनी भरलीत तर काय हाती लागणार?

उलट स्पेनमध्ये ५५ ते ८० वयाच्या ७,४४७ लोकांवर प्रयोग झाला, त्यातले बहुतेक जाडच. एका गटाला भरपूर ऑलिव्ह तेल दिलं, दुसऱ्याला रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट. तिसऱ्याला तेल-तूप कमी करा असा सल्ला. एकूण जेवण कमी करा असं कुणालाच सांगितलं नव्हतं. पाचेक वर्षांत पहिल्या दोन गटांत हृदयाचे झटके, अर्धांगवायू आणि त्यातले मृत्यू मिळून साधारण ३० टक्क्यांनी कमी निघाले. २०१३ चा तो निबंध काही ठिकाणी गट पाडण्यात चुका झाल्या म्हणून २०१८ मध्ये मागे घेतला आणि हिशेब नव्यानं करून पुन्हा छापला. आकडा साधारण तोच राहिला. त्यात शेंगदाणे नव्हते, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. पण शेंगदाण्यातली बहुतेक चरबी त्याच जातीची असते, आणि कोलेस्ट्रॉल तर कुठल्याच बीमध्ये नसतं. शेंगाच्या चटणीनं कोलेस्ट्रॉल चढतं असं जे मला बाकावर ऐकवलं गेलं, ते चूक होतं.

वजनाच्या आकड्यावरही जाऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली माणसं दिसायला बेताची असली तरी आतून चरबी धरतात, आणि तुम्ही तर ९२ किलो आहात. टेप घ्या आणि कंबर मोजा, पँटच्या नंबरावर विसंबू नका. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात.

आम्ही काय बदललं? भाकरी परत आणली, दोन वेळा, जेवणात एकेक. भात एकदाच, वाटीभर. ताटात अर्धी जागा भाजीला : मेथी, अंबाडी, चाकवत, दोडका. मटकी किंवा हरभऱ्याची उसळ रोज. फोडणीला तेल, मोजून, चौघांना महिन्याला दोन लिटर. रस बंद, मोसंबी सोलून. चहा दिवसाला दोन, आधी एक चमचा साखर, मग अर्धा, आता बिनसाखरेचा. हा चहाच सगळ्यात अवघड गेला, तेलापेक्षा कितीतरी. आणि शेंगाची चटणी, रोज दोन चमचे. सव्वा वर्षानं वजन ८३, कंबर ९८, ट्रायग्लिसराइड १६२, तीन महिन्यांची साखर ५.८.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तेल कितीही घाला असं मी म्हणत नाही. एक ग्रॅम तेलात नऊ उष्मांक असतात, धान्यातल्या पिठाच्या दुपटीहून जास्त, आणि वाटीभर शेंगा खाल्ल्यात तर वजन वाढणारच. तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांनी वाईट कोलेस्ट्रॉल वाढतं, ते चमच्यानंच घ्या. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, आणि पापड-लोणचं धरलं तर ती हद्द सकाळीच ओलांडते. गोळ्या एक दिवसही चुकवू नका. आमच्या रिपोर्टमध्ये वाईट कोलेस्ट्रॉल गोळीनं खाली आणलं, चटणीनं नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा किंवा भात-भाकरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, साखर एकदम खाली जाते. आणि तुमच्या वडिलांची बायपास कितव्या वर्षी झाली ते लिहिलेलं नाही. पंचावन्नच्या आत झाली असेल तर आधी रक्त तपासा, स्वयंपाकघरात नंतर शिरा.

आणखी एक. हे वीस वर्षं तंबाखू-चुना खायचे, झटक्यानंतर सोडला. माझे सासरे ५१ व्या वर्षी झोपेतच गेले, आक्कांच्या आईच्याच हातचं जेवून. त्या दिवशी बाकावर माझ्या चटणीचं नाव निघालं, ह्यांच्या खिशातल्या तंबाखूच्या डबीचं निघालं नाही. बसून बसून वाढलेल्या पोटाचं निघालं नाही, सात चहांचं निघालं नाही. त्या सगळ्या गोष्टी घराबाहेर घडत होत्या, मला दिसत नव्हत्या. माझ्या हातातली पळी मात्र सगळ्यांना दिसत होती.

सुधारलेला रिपोर्ट मी आक्कांना फोनवर पाठवला, वहीच्या आठही पानांच्या फोटोंसकट. निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्ही वही करा. आठ दिवस, स्वतःच्या हातानं, ऑफिसातला चहा आणि बाहेरचा वडापाव धरून. ती पानं आधी बायकोला दाखवा, तेलाचं मग दोघं मिळून ठरवा.