इंडियन क्रीकची तयारी : आधी खडक समजून घ्या, मग कॅम मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ग्रॅनाइटवर तीन-चार वर्षं लीड केलंय (दोर घेऊन सगळ्यात पुढे चढलाय), ऑक्टोबरच्या शेवटी तिघं मिळून आठ दिवस अमेरिकेत युटामधल्या इंडियन क्रीकला, भेगांमधून चढायच्या भिंतींवर, जाताय, तर सामान काय न्यायचं आणि तयारी कशी करायची. सामानाचं सांगतोच. पण ग्रॅनाइटवरून येणाऱ्याला आधी एक सवय मोडावी लागते. तिथे आपण दोराची, कॅमची (भेगेत बसून स्प्रिंगने कडांना रेटणारं धातूचं साधन), अँकरची (दोर जिथे पक्का बांधतो ती जागा) काळजी करतो आणि खडक गृहीत धरतो. इथे सगळ्या साखळीतली कच्ची कडी खडकच आहे.

क्रीकच्या भिंती विंगेट वालुकाश्माच्या. सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दगड झाल्या, त्या या. वाळूचे कण एकमेकांना धरून आहेत ते मधल्या बारीक बंधामुळे, आणि पाणी मुरलं की तोच बंध ढिला पडतो. वरचा पापुद्रा उन्हावाऱ्यात दोन तासांत कोरडा दिसायला लागतो, आतला दगड मात्र ओला आणि कमजोर राहतो. अशा वेळी पकड तुटते, कॅम खडक भुसभुशीत करून बाहेर येतो, खडकात ठोकलेला बोल्टसुद्धा भरवशाचा राहत नाही. वर तो मार्ग कायमचा बिघडतो तो वेगळाच.

म्हणून पावसानंतर किमान 24 तास थांबायचं. जोराचा पाऊस झाला, ढगाळ राहिलं किंवा भिंत सावलीतली असेल तर 48 ते 72 तास. नुसत्या घड्याळावर जाऊ नका. भिंतीच्या पायथ्याशी, पायवाटेवरच, हाताने चार बोटं खोल उकरा. खालची वाळू गडद असेल, मुठीत दाबल्यावर तिचा गोळा होत असेल, तर त्या दिवशी चढाई नाही. आठापैकी दोन दिवस पावसाच्या नावाने मोकळे ठेवा. क्रीकला जाणाऱ्या 211 क्रमांकाच्या रस्त्याच्या शेवटी कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा नीडल्स भाग आहे, ते दिवस तिथे पायी फिरण्यात छान जातात.

आता भेगा. इथली खासियत म्हणजे समांतर कडांची, 25-30 मीटर एकाच मापाने जाणारी सरळ भेग. नट (भेगेत अडकवायची धातूची पाचर) अडकायला अरुंद जागाच नसते, त्यामुळे सगळी भिस्त कॅमवर. ‘सुपरक्रॅक ऑफ द डेझर्ट’ ही इथली भेग 1976 मध्ये चढली गेली तेव्हा स्प्रिंगचे कॅम बाजारात आलेलेही नव्हते. ते आले 1978 मध्ये, आणि या खोऱ्याचं चित्रच पालटलं.

सामान मोजायचं तर कॅमलॉट या कॅमच्या मापात सांगतो, कारण तिथे सगळे याच आकड्यांत बोलतात. तिघांत मिळून 0.5 पासून 3 पर्यंत प्रत्येक मापाचे पाच ते सहा, 0.3 आणि 0.4 चे दोन-तीन, 4 चे दोन. हे सगळं विकत घेऊ नका. ओळखीच्यांकडून गोळा करा आणि प्रत्येकाच्या कॅमवर वेगळ्या रंगाची टेप लावा, नाहीतर शेवटच्या दिवशी कुणाचा कोणता हे कळत नाही. मार्ग निवडताना आधी माप विचारा, ग्रेड (तो किती कठीण) नंतर. ग्रेड हाताच्या मापावर बदलतो : ज्याच्या हाताला 3 नंबरची भेग घट्ट बसते त्याला सुपरक्रॅक सोपी जाते, बारीक हातवाल्याला तीच झुंजवते. तिघांचे हात वेगळे असतील तर त्याच भिंतीवर सोपं-कठीण कुणासाठी काय, याची यादीही वेगळी होते.

कॅम लावताना एक गोष्ट ग्रॅनाइटपेक्षा वेगळी. पडल्यावर धक्का बसला की लोब (कॅमची कडांना टेकणारी पाती) मऊ खडकाचा थोडा चुरा करतात, किंचित घसरतात आणि मग धरतात. त्या घसरण्यात लोबना आणखी उघडायला वाव हवा. म्हणून निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त मिटलेला कॅम लावा. जेमतेम टोकांवर उभा असलेला, जवळजवळ पूर्ण उघडलेला कॅम ग्रॅनाइटवर एखादे वेळी निभावून नेईल, इथे नाही. पूर्ण मिटवून कोंबलात तर तो निघणार नाही, तेही टाळा. भेगेच्या कडेपासून आत लावा, आधीच्या कॅमनी घासून पांढऱ्या पडलेल्या खोबणीत नको. चारही लोब खडकाला टेकलेत का ते मान वाकवून बघा. बुक्की मारल्यावर पोकळ आवाज देणारी पापडी असेल तर तिच्यामागे काहीच लावू नका.

पहिले दोन कॅम एकमेकांजवळ लावायला हवेत, साधारण तीन आणि साडेचार मीटरवर. वरचा निघाला तर खालच्याने जमिनीआधी धरायला हवं. एकच कॅम वर सरकवत नेण्याची तिथे पद्धत आहे. त्याने कॅम वाचतात, पण खाली केवढं अंतर मोकळं पडलं याचं भान सुटतं. खालचा कॅम खरोखर पक्का असेल तरच, आणि दोन-तीन हातांपुरतंच.

जॅमिंगचा (हात-पाय भेगेत अडकवून चढण्याचा) सराव घरीच सुरू करा, निदान सहा आठवडे आधी. दोन जाड फळ्यांमध्ये 50 मिलिमीटरचे ठोकळे घालून बोल्टने आवळा, आतल्या बाजू खरवडून खडबडीत करा. झाली मधल्या मापाच्या हाताची भेग. हात आत घालायचा, अंगठा तळव्याकडे दुमडायचा, म्हणजे अंगठ्याच्या मुळाचा स्नायू फुगून हात अडकतो. जोर बोटांनी लावायचा नाही. पायाचं तंत्र जास्त महत्त्वाचं : गुडघा बाहेर वळवून पाऊल आडवं आत सरकवायचं, मग गुडघा सरळ केला की पाऊल आपोआप पिळून बसतं. त्यावर उभं राहता आलं की हात वाचतात. बूट सपाट तळाचे, बोटं न वळवणारे, जरा मोठेच घ्या. पुढून वाकडे, घट्ट बूट इथे पहिल्या पिचमध्येच (चढाईच्या पहिल्या टप्प्यातच) पाय सोलतात.

हातांसाठी क्रॅक ग्लोव्हज किंवा 38 मिलिमीटरची टेप. टेप लावताना त्वचा कोरडी हवी. हाताच्या पाठीवर मनगटापासून बोटांच्या सांध्यांपर्यंत तीन-चार पट्ट्या, एकीवर एक थोडी चढवून. मग निम्म्या रुंदीच्या पट्ट्या बोटांच्या मुळाभोवतून परत पाठीवर. शेवटी मनगटाला वेढा, तो मूठ आवळून, म्हणजे नंतर रक्त अडत नाही. तळवा उघडाच ठेवा. संध्याकाळी मनगटाशी कापून टेपचा अख्खा हातमोजा उतरवला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतो.

दोर 70 मीटरचा, आणि टोकाला गाठ प्रत्येक वेळी. लाल धुळीत दोराची मधली खूण दोन दिवसांत दिसेनाशी होते. टॉप रोप (वरच्या अँकरमधून खाली सोडलेला दोर) स्वतःच्या कॅरॅबिनरमधून लावा, तेही स्टीलचे असले तर उत्तम. भिंतीवरच्या कायमच्या कड्यांमधून फक्त शेवटचा माणूस उतरेल. अँकर लांब करून दोर खडकाच्या ओठाला घासणार नाही असं बघा, कारण मऊ दगडात दोर खोल चर पाडतो. वाळू भरलेला दोर बिले डिव्हाइसचं (जोडीदाराचा दोर धरायच्या साधनाचं) ॲल्युमिनियमही कापतो. रोज कडेवरून नख फिरवून धार आली का ते तपासा.

मुक्कामाच्या जागी पिण्याचं पाणी मिळत नाही. मोआब किंवा माँटिसेलोला भरून घ्या, माणशी दिवसाला चार लिटर धरा, स्वयंपाकाचं वेगळं. ऑक्टोबरअखेर रात्री पारा शून्याजवळ येतो आणि सावलीतली भिंत दुपारीही गार असते, म्हणून सकाळी उन्हाच्या भिंती आधी. फोनला रेंज धरूच नका, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र न्या. कोरड्या ओढ्यात तंबू नको, दूरच्या पावसाचा लोंढाही तिथे येतो. विष्ठेसाठी पिशव्या न्या आणि भरलेल्या परत आणा. काळपट, फुगीर पपडीची माती दिसली तर तिच्यावर पाऊल टाकू नका. ती जिवंत असते, एका पावलाने मोडते आणि भरून यायला कित्येक वर्षं जातात. प्राचीन चित्रं आणि दगडी भिंतींपासून लांब राहा. हा भाग बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकात येतो, आणि होपी, नवाहो, झुनी, यूट लोकांसाठी तो पूर्वजांचा प्रदेश आहे.

आणि रोज संध्याकाळी कॅम साफ करा. ट्रिगर (लोब मिटवायचा खटका) ओढल्यावर कच्च असा आवाज आला, लोब अडखळत परतले, म्हणजे आसात वाळू गेली. कोरड्या टूथब्रशने झाडा, फुंकून काढा. तेल अजिबात नको, तेलाला आणखी वाळू चिकटते. घरी आल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात ट्रिगर चालवत धुवा, पूर्ण वाळवा, मग मेणाचं कोरडं वंगण फक्त आसावर, स्लिंगला (कॅमच्या कापडी पट्टीला) न लावता.