डोक्याला मार लागलेल्यांसाठी आधारगट काढायचाय, पुढे कोणाला ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या अपघाताला दीड वर्ष झालं, बडोद्यात त्याच्यासारख्यांसाठी आणि घरच्यांसाठी एक संस्था काढायची आहे, पण पुढे न्यूरोसर्जन असावा की समाजातलं एखादं मोठं नाव, हे ठरत नाहीये.

मी म्हणेन, दोघंही नकोत. देणगीसाठी नाव लागलंच तर पत्रिकेवर छापा. पण रविवारी हॉलचं कुलूप उघडणारी माणसं घरची हवीत, आणि त्यांच्या जोडीला ज्यांना मार लागलाय ती माणसं हवीत. यातलं दुसरं कळायला आम्हाला तीन वर्षं लागली, म्हणून एवढं लिहायला बसलेय.

आमचा गट चार बायकांचा. ओळख झाली ती इस्पितळाच्या बाकड्यावर. माझे मिस्टर स्कूटरवरून पडले आणि सव्वीस दिवसांनी घरी आले. हातपाय धड, जेवण व्यवस्थित. येणारा-जाणारा म्हणायचा, "वहिनी, थोडक्यात वाचले हो." आणि मला कळेना, की कधी आवाज न चढवणारा हा माणूस कुकरच्या शिट्टीला ताट का भिरकावतो. त्यांना वास येईनासा झाला होता. दूध करपून पातेलं काळं पडायचं आणि हे शेजारीच पेपर वाचत बसलेले असायचे. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा होत्या, बाकी याबद्दल अक्षर नव्हतं. वर्षभर मी समजत होते की ते मुद्दाम करतात, आणि त्यावरून भांडत होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला आवर घालतो, तिथे इजा झाली की तो आवरच सैल होतो. हे मला कारेलीबागेतल्या एका बेननी सांगितलं. त्यांचा मुलगा उत्तरायणात पतंग उडवताना गच्चीवरून पडला होता. "आमच्याकडे पण हेच चाललंय," एवढंच आधी म्हणाल्या, आणि मी त्या बाकड्यावर रडत बसले. चांगला डॉक्टर याची कारणं सांगेल, पण "आमच्याकडे पण" हे तो कुठून म्हणणार? अमेरिकेतही असंच झालं. मॅरिलिन स्पिव्हॅक यांच्या मुलीला १९७५ साली मोटार अपघातात मेंदूला इजा झाली, आणि १९८० मध्ये त्यांनी तिथली या विषयातली राष्ट्रीय संस्था काढली. सुरुवात एका आईने केली.

आता आमची चूक सांगते. दुसऱ्या वर्षी आम्ही मोठा कार्यक्रम केला. हॉल, माइक, शाल-श्रीफळ, तीन भाषणं. तासाभरात एका काकांनी कान दाबून धरले, एक मुलगा दिव्यांच्या झगमगाटाने ओकला आणि माझे मिस्टर कोणाला न सांगता निघून गेले. दोन तासांनी सुरसागर तलावाच्या कठड्यापाशी सापडले. मेंदूला इजा झालेल्या माणसाला आवाज, उजेड आणि गर्दी एकदम झेपत नाही, आणि थकवा तर असा येतो की झोपूनही उतरत नाही. हे आम्ही रोज घरात बघत होतो, तरी कार्यक्रम ठरवताना त्यांच्यातल्या एकालाही विचारलं नव्हतं.

मग विचारलं. त्यांनीच ठरवलं: दीड तासाच्या वर नाही, माइक नाही, ट्यूबलाइट बंद, एका वेळी एकानेच बोलायचं. आजतागायत तेच नियम आहेत.

फोन करायचं काम आमच्यातल्या एका तरुणाकडे आहे. आधी बँकेत होता. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण वहीत लिहिलेलं तो सोडत नाही. लांबट हिशेबाची वही, निळ्या रेघांची, दोरीने पेन बांधलेलं. शुक्रवारी एकेकाला फोन, नावापुढे खूण, शेजारी वेळ. एकदा खूण करायची राहिली आणि एकाच घरी त्याने तीनदा फोन केला. आम्ही माफी मागायला गेलो तर त्या मुलाच्या आई म्हणाल्या, दोन वर्षांत याच्यासाठी एवढे फोन कोणाचे आले नव्हते. त्या वहीचं काम मी आता कोणाला देणार नाही. वहीचा त्यालाही फायदा झालाय, घरी औषधं तो स्वतः घेतो.

दुसरे एक सर आहेत, त्यांची वाचा गेली. "पाणी" म्हणायला मिनिट लागतं, पण गणपतीत आरती अखंड म्हणतात. गाणं आणि बोलणं मेंदूत अगदी एकाच वाटेने जात नाही, म्हणून असं होतं. बैठकीची सुरुवात तेच करतात.

पण सगळंच त्यांच्यावर टाकू नका. आपल्याला काय जमत नाही हेच न कळणं हाही या इजेचाच भाग असतो. कोणी छातीठोकपणे "मी बघतो सगळं" म्हटलं तरी जोडीला एक माणूस द्या. पैशांना दोन सह्या, आणि त्यातली एक तरी हिशेब येणाऱ्या नातेवाइकाची. बैठकीत कोणाचा पारा चढला तर त्याला हळूच बाहेर ओसरीवर नेणारा एक जण आधीच ठरवून ठेवा.

कागदपत्रांसाठी एखादे निवृत्त कारकून गाठा, असा माणूस सोन्याच्या मोलाचा. नोंदणी चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत होते. आपल्याकडे १९५० चा मुंबईचाच कायदा चालत आलाय, तेव्हा महाराष्ट्रात कोणा नातलगाचा ट्रस्ट असेल तर त्याची घटना नमुन्याला मागून घ्या. खरी दमछाक अपंगत्वाच्या दाखल्याची. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, मेंदूची इजा असा वेगळा प्रकार त्यात नाही. मग चालणं, वाचा, मानसिक आजार अशा कुठल्यातरी खान्यात बसवावं लागतं, आणि बहुतेक सवलतींना चाळीस टक्के लागतात. दिसायला धडधाकट असलेली माणसं तिथेच अडकतात. तपासणीला जाताना घरच्यांनी महिनाभराच्या घटना तारखेनिशी लिहून न्याव्यात: गॅस चालू राहिला, रस्ता चुकला, अमुक दिवशी मारायला धावला. भावाचा अपघात वाहनाचा असेल तर भरपाईचा दावा टाकलाय ना? कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. पण ती उलटली म्हणून घरी बसू नका, या आठवड्यात वकिलाला भेटा.

युनिव्हर्सिटीच्या सोशल वर्कची मुलं फील्डवर्कला येतात. उत्साही असतात, फार मदत होते, पण वर्षाने जातात. त्यांच्यावर गट उभा करू नका.

आणि तुमच्याबद्दल. आम्हा चौघींतली एक मधेच गळाली, कारण घरी नवरा, बाहेर गट आणि रात्री-अपरात्री दुसऱ्यांचे फोन. आम्हाला दिसत होतं, तरी कोणी तिचा भार उचलला नाही. आता दोन वर्षांनी काम बदलतं आणि रात्री नऊनंतर फोन नाही. हे पहिल्या दिवसापासून ठरवा.

आधी आमचं बघायचं असेल तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दांडिया बाजारात या, भावाला घेऊन. दाराशी वही घेऊन बसलेला मुलगा नाव विचारेल. पुढच्या वेळीही विचारेल, भावाला तसं आधीच सांगून ठेवा.