जुन्या ध्वनिमुद्रणाचे मोल

प्रश्न : आमच्या श्रवणमंडळात रुमानियन पियानोवादक दिनू लिपाट्टी यांनी वाजवलेला, जर्मन संगीतकार शूमानचा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) ऐकून सारेच भारावले. ध्वनी जुना असूनही त्याची एवढी वाखाणणी का होते?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हे ध्वनिमुद्रण १९४८ साली लंडनमध्ये, कारायान यांच्या संचालनाखाली, फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह झाले. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत, त्यामुळे अर्ध्या तासाची ही रचना तुकड्यातुकड्यांनी वाजवावी लागे. तरीही लिपाट्टींच्या वादनातील सलगता कुठे तुटत नाही, हे मला फार मोठे वाटते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवर वाढलेल्या श्रोत्यांना ही किमया वेगळी सांगायला नको. आरंभी ओबो (फुंकून वाजवायचे वाद्य) मुख्य धून मांडतो आणि पियानो तीच उचलतो, ती जागा पुन्हा ऐकावी : तेथे लय रेंगाळत नाही, भावनेचे प्रदर्शन नाही, पण प्रत्येक स्वर गायकाच्या श्वासासारखा जिवंत आहे. असाध्य कर्करोगाने १९५० साली, अवघ्या ३३व्या वर्षी लिपाट्टी गेले, म्हणून हळहळ वाटतेच. मात्र हे कौतुक त्या हळहळीपोटी नसून वादनातील स्वच्छतेसाठी आहे.