वाचकांचे प्रश्न : उघड्यावरची दोरी

प्रश्न : वेलींना आधार देण्यासाठी आणि जाळे विणण्यासाठी नैसर्गिक धाग्याची कोणती दोरी निवडावी?

उत्तर : दोन्ही कामांसाठी एकच दोरी घेऊ नये. तागाची सुतळी मऊ असली, तरी सतत ओलाव्यात राहिल्यास ती लवकर कुजते. म्हणून ती एका हंगामाच्या वेलीपुरतीच वापरावी. नारळाच्या काथ्यात लिग्निन हे तंतूंना कडकपणा देणारे द्रव्य भरपूर असल्याने तो खाऱ्या पाण्यातही टिकतो, मात्र खरबरीतपणामुळे त्यात बारीक गाठी नीट बसत नाहीत. जाळ्यासाठी मी पीळदार सुती दोराच सुचवेन, कारण भिजल्यावर कापसाच्या तंतूची ताकद वाढते. शिवाय तो काताच्या गरम पाण्यात मुरवल्यास कातातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे कुजण्याची क्रिया मंदावते. खरेदी करताना पीळ थोडा उलगडून अवश्य पाहावा : आखूड तंतू सुटून भुसा पडत असेल, तर ती दोरी घेऊच नये.