टॅरोची पाने आणि अडलेली कथा

प्रश्न : मी काही वर्षांपासून कथा लिहिते. सध्याची कथा निम्म्यावर येऊन अडली आहे. एका मैत्रिणीने टॅरोच्या पत्त्यांचा कॅट दिला आणि त्यातली पाने उचलून लिहून पाहा, असे सुचवले. भविष्यकथनावर माझा विश्वास नाही. शिवाय पानावरून सुचलेली कथा आपली म्हणता येईल का, अशीही शंका वाटते. आपले मत कळवावे. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला विश्वास नसला तरी काही बिघडत नाही. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता. त्यातून भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रुजली. लिहिणाऱ्याने ही पाने केवळ चित्रे म्हणून हाती घ्यावीत.

कॅटात ७८ पाने असतात. त्यांपैकी मृत्यू, मनोरा, प्रेमी अशी नावे असलेली २२ पाने सुरुवातीला बाजूला ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यांचा अर्थ नावातच सांगून टाकलेला असतो आणि मृत्यूचे पान आले की कथेत कोणीतरी दगावतेच. उरलेल्या ५६ पानांत खरी श्रीमंती आहे. लंडनमध्ये १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटासाठी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने दुर्री-तिर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांवरही माणसे आणि प्रसंग रंगवले. तिचा रंगभूमीशी निकटचा संबंध होता, त्यामुळे ही माणसे एखाद्या प्रवेशाच्या मध्यावर थबकल्यासारखी दिसतात.

त्यातली प्याल्यांची अठ्ठी पाहा. रात्रीची वेळ आहे, वर चंद्र आहे आणि लाल वस्त्र पांघरलेला एक माणूस हातात काठी घेऊन आपल्याकडे पाठ करून डोंगरांकडे निघाला आहे. त्याच्या मागे आठ प्याले रचलेले आहेत, खाली पाच आणि वर तीन. पण वरच्या ओळीत मध्येच एका प्याल्याची जागा रिकामी आहे. पानाबरोबरच्या पुस्तिकेत याचा अर्थ काय दिला आहे, ते कथा लिहून होईपर्यंत पाहूच नये. मी एकदा वाटणीनंतर प्रथमच माहेरी आलेल्या बहिणीची कथा लिहीत होतो आणि भावाबहिणीचे संभाषण काही केल्या पुढे सरकत नव्हते. हे पान हाती आले तेव्हा निघून जाणाऱ्या माणसापेक्षा त्या रिकाम्या जागेकडेच माझे लक्ष गेले. मग बहीण स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाते, मांडणीवर आईचा तांब्या नाही हे तिच्या ध्यानात येते आणि ती काहीही न बोलता पाण्याचा पेला विसळून पालथा घालते, एवढेच मी लिहिले. संभाषणाची गरजच उरली नाही.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही यातच आहे. तांब्या, मांडणी आणि ते घर पानावर कुठेच नव्हते. तेच पान आपल्या हाती आले असते तर कदाचित आपल्याला ती काठी दिसली असती. इतालो काल्विनो या इटालियन लेखकाने तर टॅरोची पाने शेजारी शेजारी मांडून आख्खे पुस्तकच रचले. त्यातले प्रवासी वाचा गमावून बसलेले असतात आणि आपली हकीकत पानांनीच सांगतात. एकच पान एका गोष्टीत एक आणि दुसऱ्या गोष्टीत निराळेच काही सांगते, कारण त्याच्या शेजारची पाने बदललेली असतात.

एक पथ्य मात्र पाळावे. पत्ते पिसून एका वेळी एक, फार तर तीन पाने उचलावीत, आणि मनासारखे पान येईपर्यंत पुन्हापुन्हा उचलत बसू नये. नावडते पान आले तर त्याच्याशी निदान अर्धा तास झटावे. सोयीचे पान आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या वाटेनेच नेते.

कॅट विकत घेताना आतली पाने पाहून घ्यावीत. जुन्या धाटणीच्या बऱ्याच कॅटांत, आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांप्रमाणेच, अंकांच्या पानांवर केवळ तितकी चिन्हे काढलेली असतात. ती पाने देखणी असली तरी अडलेल्या कथेला हात देतील असे प्रसंग त्यांवर सापडत नाहीत.