वाचकांचे प्रश्न : नौदलप्रमुख सोमण आणि द्वारका

प्रश्न : १९६५च्या युद्धात द्वारकेवर तोफांचा मारा होऊनही तत्कालीन नौदलप्रमुख भास्कर सदाशिव सोमण स्वस्थ का राहिले?

उत्तर : हा दोष सोमणांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. गोवामुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१मध्ये, आरमारी ताफ्याचे नेतृत्व करून पुढच्याच वर्षी जूनमध्ये व्हाइस ॲडमिरल म्हणून नौदलाची सूत्रे स्वीकारणारा हा अधिकारी कचखाऊ खचितच नव्हता. परंतु ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी युद्धनौका द्वारकेसमोर आल्या तेव्हा ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मुंबईच्या गोदीत, तर ‘तलवार’ ही युद्धनौका जवळच ओख्याला दुरुस्तीत अडकलेली होती. शिवाय पोरबंदरच्या उत्तरेस आक्रमक कारवाई करू नये, असे सरकारचेच बंधन होते. सोमणांना ते मुळीच मान्य नव्हते. मार्च १९६६मध्ये ते निवृत्त झाले.