बाळंतिणीचं नैराश्य आणि आखाजीची गाणी

प्रश्न : लेक बाळंतपणासाठी चोपड्याला माहेरी आली आहे. सिझेरियनला दोन महिने झाले. बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, सारखी रडते. गाण्याने बरं वाटतं असं ऐकून मोबाइलवर भजनं लावते, तर ती उठून जाते. काय करावं?

उत्तर : बाळंतपणानंतरचं हळवेपण आठ-दहा दिवसांत ओसरतं. दोन आठवड्यांपुढे टिकलं, की नैराश्याची शंका घ्यावी. अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. ‘एडिनबर्ग’ प्रश्नावलीतल्या दहा प्रश्नांवरून त्यांना अंदाज येतो. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत. ती मनाने बंद करू नयेत.

आता गाणं. लंडनमध्ये 134 मातांवर झालेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र लक्षणं असलेल्या ज्या माता दहा आठवडे गटात गायल्या, त्या नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपेक्षा लवकर सावरू लागल्या. मुद्दा असा, की त्या गात होत्या, नुसत्या ऐकत नव्हत्या.

भजनं बंद करा. आठवड्यातून एक दुपार ठरवून चार-सहा जणी बोलवा, शक्यतो लहान बाळांच्या आया. बाळं मांडीवरच असू द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणतात ती गाणी घ्या, कानबाई देवीची घ्या: एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची. पाठ नसली तरी अडत नाही. लेकीला पाठीला टेकू देऊन बसवा. टाक्यांच्या भीतीने श्वास वरवर घेतला जातो, म्हणून सूर खालचा आणि ओळी छोट्या हव्यात. तासाभरात उठायचं.

बिघडतं ते आपल्या बायकांमुळेच. ‘तू म्हण ना एकटी’ असा आग्रह, व्हिडिओ काढणं, ‘दूध पुरतं का गं?’ ही चौकशी. या तिन्ही गोष्टी उंबऱ्याबाहेर ठेवा. तिला नुसतं बसून राहायचं असेल तर बसू द्या. हाताला काम हवं असेल तर गोधडीचा वीतभर तुकडा आणि साधा धावदोरा पुरे. अख्खी गोधडी हाती दिली तर ती अर्धवट पडते आणि ‘मला काहीच जमत नाही’ हे पक्कं होतं.

जीव द्यावासा वाटणं, बाळाला इजा करण्याचे विचार, नसलेले आवाज ऐकू येणं, यातलं काहीही दिसलं तर तिला एकटं सोडू नका, बाळाजवळ दुसरं कुणीतरी ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.